वेल्ह्याची साडेअकराची गाडी

भोर,
मंगळवार

प्रिय सोनिया,

तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घातले, त्यानंतर आज पहिल्यांदा हातात पेन धरलं आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तू सात-आठ वर्षांची असताना माझ्याच गल्ल्यावर बसून मला सांगितलं होतंस. त्यात काही सुधारणा झालेली नाही. लागलं नाही तर दोनदा वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. आणि मधेच राग आला तरी शेवटपर्यंत वाच, एवढं काकाचं ऐक.

रविवारी तुझी वाट पाहिली. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं, कुंदाकाकूला ठाऊक होतं, तुझ्या आईला तर होतंच. फक्त तुझ्या आबांना ते कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तुमच्या गावाहून, पासलीहून आलेल्या टेम्पोतून उतरल्यापासून ते दाराकडे तोंड करून बसले. आम्ही दोनदा त्यांची खुर्ची लोकांकडे वळवली. दोन्ही वेळा त्यांनी डाव्या हातानं टेबलाची कड धरून ती परत दाराकडे फिरवली. विचारणाऱ्यांना मी सांगत राहिलो की फलटणला नातवाला ताप आहे. पाच महिने झाले सोनिया, तू आबांशी बोललेली नाहीस. पुण्याच्या हॉस्पिटलात एकदा आलीस आणि दारातूनच बघून गेलीस, असं तुझी आई मंगल म्हणते. श्रावणातल्या त्या सोमवारी आबा पुन्हा प्याले, तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यांनी मोडली आणि स्वतःच्या हातानं हा अर्धांगवायू ओढवून घेतला, असं तू धरून बसली आहेस. त्याबद्दल मला लिहायचंच आहे. पण आधी रविवारचं सांगतो, कारण तो दिवस तू बघायला हवा होतास.

गणपतीनंतर मी आपलं प्रसन्न उपाहारगृह बंद केलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. लोकांना सांगितलं की वय झालं. खरं म्हणजे तुझे आबा, माझा हनुमंत, नसताना शटर वर करायला हातच उचलेना. एकतीस वर्षं पहाटे माझ्या आधी तो हजर असायचा. मी मालक नावाचा, हॉटेल त्याचं. मग डिसेंबरात डॉक्टर वैदेही घरी आली. आपल्या भोरचीच ती, शाळेत असताना दोन वेण्या घालून पाव मिसळीत बुडवून खायची, आता स्वतःचा दवाखाना आहे. तिच्या डोक्यात आलं की एक दिवस जुनं प्रसन्न जसंच्या तसं उघडायचं. जुने पदार्थ, जुनी टेबलं, जुनी गिऱ्हाइकं. तिकीट नाही. ज्यानं त्यानं पोटभर खावं आणि हनुमंतासाठी जे जमेल ते डब्यात टाकावं. त्याचे व्यायाम आहेत, बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, औषधं आहेत, आणि मंगल एकटी भातशेतीवर हे कुठून निभावणार? मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की कुंदाकाकूनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. एरवी पाहुण्याला दुसरा चहा विचारतानाही मी विचार करतो.

तीन आठवडे मी घरात टेकलो नाही. माळ्यावरून संगमरवरी पाट्यांची टेबलं उतरवली. 'हात धुण्याची जागा' आणि 'बाहेरचे पदार्थ आत आणू नयेत' या दोन्ही पाट्या घासून जागच्या जागी लावल्या. बरण्या धुतल्या, त्यात नानकटाई भरली. धनाजी, आपला भट्टीवाला, उत्रोलीहून गुडघ्याला पट्टे बांधून आला आणि सकाळी सहापासून कढईसमोर उभा राहिला. जुना टेपसुद्धा सुरू झाला, फक्त कॅसेट मधेच रडवेल्या आवाजात फिरायची, तेव्हा त्याला एक चापट द्यावी लागत होती. अकरा वाजता दार उघडलं तर रांग पार स्टँडच्या भिंतीपर्यंत. रिटायर झालेले ड्रायव्हर, मामलेदार कचेरीतले कारकून, नोकरीनिमित्त पुण्यात गेलेली कॉलेजची पोरं, आता टक्कल पडलेली. कुणी बायकोला पडद्याआडची फॅमिली रूम दाखवत होतं. दोघंतिघं जण तिथंच डोळे पुसत बसले. माझं तर विचारूच नकोस, मला मिसळीचा तिखटपणा कामी आला.

सगळ्यांच्या तोंडी हनुमंताच्याच गोष्टी. सगळ्यात जास्त कशाची निघाली माहीत आहे? डब्यांची. वेल्ह्याकडची पोरं भोरला खोल्या करून शिकायची, त्यांच्या घरून सकाळच्या एसटीनं डबे यायचे. गाडी लागली की तुझे आबा हातातलं काम टाकून स्टँडवर पळायचे, कंडक्टरकडून ते सगळे डबे उतरवून घ्यायचे आणि भट्टीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायचे, म्हणजे पोरांना दुपारी भाकरी गार लागू नये. डब्यावर नाव नसायचं. कापडाच्या गाठीवरून कुणाचा डबा ते ओळखायचे. गुंजवण्याचा एक जण आता बँकेत मोठा साहेब आहे, तो उभा राहून सांगत होता की घरून डबा आला नाही त्या दिवशीही माझ्या जागेवर डबा असायचा, आणि मला वाटायचं तो आईनंच पाठवलाय. मी गल्ल्यावर असायचो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता कळलं की दर महिन्याला बेसन कमी का भरायचं.

आबांचं बोलणं तू ऐकलेलं नाहीस, म्हणून सांगतो. नवं वाक्य त्यांना जुळवता येत नाही. नावं तर सगळी गेली, मंगलला हाक मारायची तरी नुसता हात उचलतात. पण एकतीस वर्षं रोज जे तोंडात होतं तेवढं राहिलं आहे, म्हणजे ऑर्डरी. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की असं होतं. रविवारी ते आम्हीच पाहिलं. वैदेही समोर गेली तशी त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंड वाकडं होत असताना म्हणाले, "एक मिसळ, पाव जादा, कांदा न्हाई." वैदेही त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मग जो तो पुढं यायला लागला. कुणाला बिनसाखरेचा अर्धा, कुणाला भजी कडक. ज्याला त्याची ऑर्डर ऐकायला मिळाली तो पदक मिळाल्यासारखा बाजूला व्हायचा. आणि मधेच एका टेबलावर माणसं पाण्यावाचून बसलेली त्यांना दिसली. उठले. मंगल धरायला गेली तर तिला बाजूला सारलं. डाव्या हातात जग, उजवा पाय फरफटत, त्या टेबलापर्यंत गेले. चार ग्लास भरले, निम्मं पाणी टेबलावर. त्या चौघांनी आधी हात जोडले, मग ते पाणी प्याले.

इथपर्यंत सगळं दृष्ट लागावं असं झालं. नंतर इंद्रजित वकिलांनी माईक घेतला. माणूस वाईट नाही, डब्यात सगळ्यात जास्त त्यानंच टाकलं असेल. आबांच्या कौतुकाचं चांगलं बोलला आणि शेवटी हसत हसत म्हणाला, "हणमंता, आम्ही सगळे तुझ्यामागं उभे आहोत. आता तू एवढंच कर, बाटलीला पुन्हा हात लावू नकोस." लोक हसले. काही जणांनी माना डोलावल्या, दोनचार टाळ्यासुद्धा पडल्या. मंगलनं पदर तोंडाला लावला. आणि तुझे आबा खुर्चीच्या दांड्यावर हात रोवून अर्धे उभे राहिले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. कपाळावरच्या शिरा तट्ट फुगल्या, ओठ नुसते हलत राहिले, आणि बाहेर काय पडलं, तर "एक खिचडी, दही येगळं." पुन्हा तेच. पुन्हा तेच. तीनदा. लोकांना वाटलं त्यांनी आणखी कुणाला तरी ओळखलं, म्हणून सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पण ते इंद्रजितकडे बघत नव्हते, सोनिया. ते माझ्याकडे बघत होते. पुढच्या मिनिटाला माईक माझ्या हातात आला, आणि मी आभार मानले. आचाऱ्याचे मानले, टेम्पोवाल्याचे मानले, आणि जेवून जायला सांगितलं.



तुला मी अगदी लहानपणापासून पाहत आलो आहे, तेव्हा तुझा राग मला नवा नाही. तो कुठून आला तेही माहीत आहे. तू आठवी ते दहावीत होतीस तेव्हाची ती तीन वर्षं मी विसरलो नाही. दुपार व्हायच्या आधीच आबांचे पाय अडखळायचे, गिऱ्हाइकं कुरकुरायची. तेव्हा आम्ही एक शिरस्ताच पाडून टाकला होता. त्यांना दोन्ही दंडांना धरून समोरच्या स्टँडवर न्यायचं, साडेअकराच्या वेल्हे गाडीत बसवायचं, कंडक्टरला सांगायचं की वेल्ह्याला उतरवून बाकावर टेकव, आणि घरी कळवायचं की माल पाठवलाय. हसायचो आम्ही. घरी तुझी आई तुला सांगायची की आबांचं पोट बिघडलंय, आबांना ऊन लागलंय. तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ते झिंगून आले आणि तू स्टेजवरून खाली उतरलीस, त्या रात्रीसुद्धा ती पोटच म्हणत होती. दुसऱ्या आठवड्यात तू त्यांना मेंगाई देवीच्या देवळात नेलंस. पंधरा वर्षांची पोर तू, त्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास, आणि म्हणालीस, "परत प्यालात तर मी तुमची न्हाई." मी आणि कुंदाकाकू साक्षीला होतो. त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नाही. तुझ्या लग्नात व्याह्यांच्या मंडळींनी मागं गाडीत प्यायला बोलावलं तर हे पंगतीत वाढत राहिले.

आणि म्हणूनच यंदा श्रावणात तुला फोन गेला तेव्हा तू कोसळलीस. मंगल नंतर तुला सांगत होती, "म्या तोंडाचा वास घेतला गं, वास न्हवता." पण तू तिचं कशाला ऐकशील? पोट बिघडलंय म्हणणारी तीच. तू तिला म्हणालीस की वसंतकाका आबांसाठी कधी खोटं बोलले नाहीत, ते बोललेत म्हणजे तसंच असणार. हे मंगलनं मला काल सांगितलं. काल मी पासलीला गेलो होतो. रविवारनंतर भोरात बसवेना, सकाळची गाडी धरली आणि वेल्ह्यातून वडापच्या जीपनं वर गेलो. वेल्ह्याच्या स्टँडवरचा तो बाक मी पहिल्यांदाच नीट पाहिला. दगडी आहे, पाठीला टेकायला काही नाही. तुमच्या ओसरीवर आबा पोत्यावर बसले होते, अंगणात भाताचा पेंढा रचलेला. सुगी मंगलनं भावकीच्या मदतीनं कशीबशी उरकली आहे. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि जे रविवारी माईकवर सांगायला हवं होतं ते सांगितलं. सगळं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग डाव्या हातानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. लांबून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, दुसरं त्यांना कुठं काय येतं. मी मंगलपुढं हात जोडले, तर ती म्हणाली, "मला नका सांगू, मालक. मला पयल्यापासून म्हाईत हाय. माज्या लेकीला सांगा."

म्हणून हे पत्र. त्या सोमवारी सकाळी सहापासून हनुमंत माझ्या डोळ्यांसमोर होता. एकदाही दाराबाहेर गेला नव्हता. श्रावणी सोमवार, त्याला कडक उपास. सव्वाअकराला उपासाच्या गिऱ्हाइकांची गर्दी होती. तो माझ्या समोर उभा राहून आत ओरडला, "एक खिचडी, दही येगळं," आणि 'येगळं' म्हणताना त्याची जीभ जड झाली. मग हातातला ट्रे पडला, सहा ग्लास फुटले. एकतीस वर्षांत त्याच्या हातून कधी कप फुटला नव्हता. टेबलावरचं कुणीतरी हसून म्हणालं, सकाळी सकाळीच का, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गल्ल्यावरून उठलोसुद्धा नाही. दोन हात लांबून मी ठरवलं की हा प्यायला आहे. धनाजी त्याला धरून म्हणाला होता, "मालक, वास न्हाई येत तोंडाला." मी त्याला म्हणालो की तू तुझी भट्टी बघ. आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणं साडेअकराच्या गाडीत बसवायला लावलं. पासलीला रेंज नव्हती, म्हणून तुला फोन करून सांगितलं की तुझ्या बापानं श्रावणसुद्धा पाळला नाही. ती जीभ दारूनं नाही, मेंदूत गुठळी अडकल्यानं जड झाली होती. भोरचा दवाखाना हॉटेलपासून पाच मिनिटांवर होता, आणि मी त्याला डोंगरात पाठवलं. मंगलला कळून ती येईपर्यंत वेल्ह्याच्या बाकावर तो तीन तास आडवा होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी जुना हनुमंत म्हणून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढं गेले. आठवड्यानं वैदेहीनं पुण्याचे कागद वाचून मला सांगितलं की रक्तात दारूचा अंश नव्हता, आणि पहिल्या चार तासांत आणलं असतं तर हात आणि वाचा बहुतेक वाचली असती. तिला माहीत नव्हतं की गाडीत बसवणारा मी. तेव्हापासून पाच महिने मी हे गिळून बसलो, कारण भोरात माझ्या शब्दाला किंमत आहे आणि ती मला सोडवेना. कार्यक्रमासाठी मी का एवढा धावलो ते आता तुला कळलं असेल. येत्या रविवारी त्याच लोकांना पुन्हा बोलावलं आहे, इंद्रजितसकट, आणि या पत्राची नक्कल त्यांच्यासमोर मी स्वतः वाचणार आहे. माझ्यावर रागाव. आयुष्यभर माझं तोंड बघू नकोस, मला ते मान्य आहे. पण पासलीला जा, पोरी. आबांना काही विचारू नकोस, त्यांना सांगता येत नाही. तूच त्यांच्याजवळ बस आणि त्यांच्या कानात म्हण, आबा, तुम्ही प्याला नव्हता.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच
वसंतकाका